दहावीपर्यंतच्या शाळेतलं पुढे कामाच्या जागी नेमकं काय दिसतं?

फिटरमास्तर:

मी शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक आहे. एका युनिटला वीस पोरं असतात. बहुतेक दहावी करून आलेली, काही बारावीनंतर, एखादा बीए सोडून आलेला. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांच्या गुणपत्रिका हातात येतात. पण दिवाळीपर्यंत कुणाला किती टक्के होते ते माझ्या डोक्यातून गेलेलं असतं, कारण वर्कशॉपमध्ये वेगळंच काही दिसायला लागतं.

सुरुवातीचे आठवडे नुसती कानस. एमएस फ्लॅटचा, म्हणजे साध्या पोलादी पट्टीचा तुकडा वाइसमध्ये धरायचा, घासायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरून बघायचा, परत घासायचा. सुरुवातीच्या जॉबला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, पुढे मेल-फीमेल जॉबला, म्हणजे एकात एक बसणाऱ्या तुकड्यांना, ०.०४ पर्यंत यावं लागतं. आता कानशीचं काम असं आहे की जास्तीचं घासता येतं, पण घासलेलं परत लावता येत नाही. माप कमी झालं की जॉब अंडरसाइझ, तुकडा बाद. हे प्रत्येकाचं होतं आणि व्हायलाच पाहिजे, त्याशिवाय हाताला वळण लागत नाही.

माझं लक्ष असतं ते त्यानंतर पोरगं काय करतं याकडे. एक पोरगं तुकडा घेऊन सरळ टेबलाशी येतं, "सर, गेला. दुसरा द्या." दुसरं कडेला हळूच हातोडी मारतं, म्हणजे धातू पसरून माप भरल्यासारखं दिसावं. व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावलं की ते लगेच कळतं, कारण कड फुगलेली असते. तिसरं तुकडा खिशात घालतं आणि दुसऱ्या दिवशी येतच नाही.

मी त्यांना ओरडत नाही, चहाच्या वेळी शाळेबद्दल विचारतो. अनेक वर्षं विचारतो आहे आणि उत्तरं इतकी सारखी येतात की आता मला त्यात योगायोग वाटत नाही. लपवणारी पोरं बहुतेक शेवटच्या तुकडीतली. पाचवीला किंवा आठवीला मार्कांवरून 'अ ब क ड' पाडलेलं. 'अ'ला सेमी इंग्रजी आणि गणिताचे सगळ्यात चांगले सर. 'ड'ला जे शिक्षक मोकळे असतील ते. 'अ'ची पोरं प्रयोगशाळेत जायची, 'ड'ची प्रयोगवही फळ्यावरून उतरवून पूर्ण व्हायची. उत्तर चुकलं तर 'अ'त "परत बघ" म्हणायचे आणि 'ड'त "तुझ्याकडून काय होणार" म्हणायचे. पाच वर्षं हे ऐकलेलं पोरगं माझ्याकडे येऊन चुकलेला तुकडा दाखवेल कशाला?

याची किंमत पुढे मोजावी लागते. अप्रेंटिसशिपला गेल्यावर बाद झालेला पार्ट त्याने चांगल्या पार्टांच्या ट्रेमध्ये सरकवला, तो पुढे असेंब्लीत सापडला, आणि वर्षाच्या शेवटी त्याला कामावर ठेवून घेतलं नाही, अशी उदाहरणं मी बघितली आहेत. हाताने चांगली होती ती पोरं.

म्हणून हा धागा. तुमच्या शाळेतलं काय तुमच्या कामात, संसारात अजून दिसतं? मार्क सोडून बोला.

जुनी_मॅट्रिक:

मास्तर, फार महत्त्वाचं लिहिलंत.

मी १९७५ च्या दहावीचा. १०+२+३ च्या नव्या आकृतिबंधातली ती पहिली दहावी. आमच्या पुढची मुलं जुन्या पद्धतीने अकरावीला मॅट्रिक देत होती. आमच्यासाठी गणित नवीन, विज्ञानाची पुस्तकं नवीन, सगळाच गोंधळ. आमच्या विज्ञानाच्या सरांनी स्वतः हे शिकलेलं नव्हतं. वर्गात कुणी काही विचारलं आणि त्यांना आलं नाही, तर ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवायचे आणि म्हणायचे, "हे मलाही नवीन आहे, उद्या बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच. कधीकधी दोन-तीन दिवस तो कोपरा तसाच राहायचा, पण पुसला जायचा नाही.

मी पुढे विजेच्या उपकेंद्रांवर नोकरी केली. तिथे माहीत नसताना माहीत असल्यासारखं वागणं जिवावर बेततं. लाइन बंद आहे असं "वाटतं" म्हणून कुणी खांबावर चढत नाही, तपासून परमिट घेऊनच चढायचं. ट्रेनिंगमध्ये हे सगळ्यांनाच शिकवलं. पण वरिष्ठांसमोर "मला खात्री नाही, बघून सांगतो" म्हणायची लाज मला कधी वाटली नाही, ती त्या कोपऱ्यामुळे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी हुशार माणसांना हे वाक्य निवृत्त होईपर्यंत तोंडातून काढता आलं नाही.

सांजवेळ:

माझं मत वेगळं आहे. "मार्क सोडून बोला" हे ज्यांना मार्कांशिवाय दुसरा आधार होता त्यांनी म्हणावं.

तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. वडील रोजगार हमीच्या कामावर जायचे. घरात एक पत्र्याची पेटी, तिच्यावर पाटी ठेवून अभ्यास. दहावीला शाळेत पहिली आले म्हणून सांगलीच्या कॉलेजात विज्ञानाला प्रवेश मिळाला, म्हणून मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, म्हणून मामांनी लग्नाचा विषय पुढे ढकलला. प्रवेशाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला माझा स्वभाव, माझी जिद्द, चुकल्यावर मी काय करते हे काही दिसत नव्हतं. त्याला एक आकडा दिसत होता. तो आकडा नसता तर मी आज इंजिनिअर नसते, आणि हे मी अजिबात नम्रतेने सांगत नाहीये.

त्या काळी गुणवत्ता यादी लागायची, पेपरात फोटो यायचे. मंडळाने ती बंद केली तेव्हा खूप जणांना बरं वाटलं. मला मिश्र वाटलं. शहरातल्या मुलांवरचा ताण खरा होता हे मान्य. पण आमच्यासारख्या घरात मुलीच्या शिक्षणाच्या बाजूने बोलायला कुणी नसतं, तेव्हा छापून आलेलं नाव बोलतं.

तुकड्यांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. मी 'अ'त होते. माझी सख्खी चुलत बहीण 'क'त. एकाच घरातून एकाच वाटेने जायचो आणि दोन वेगळ्या शाळांत बसल्यासारख्या बसायचो.

फिटरमास्तर:

@सांजवेळ ताई, तुमचं म्हणणं मान्य. मार्कांनी दार उघडतं, आमच्याकडेही प्रवेश दहावीच्या गुणांवरच होतो. फिटर, इलेक्ट्रिशियनला गर्दी असते आणि दोन टक्क्यांनी मुलं मागे राहतात. माझं बोलणं दाराच्या आत आल्यानंतरचं आहे.

उसाची_लेक:

बीड जिल्हा. आई-बाबा दोघं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. दिवाळी झाली की गाव अर्धं रिकामं व्हायचं. मी आणि आजी मागे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये, तेव्हा कारखाने चालूच असतात, त्यामुळे निकालाच्या आधी कधीतरी आई-बाबा परत येणार, परीक्षेला कुणी नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचं असंच.

आठवीत बाईंनी मला वाचनालयाच्या कपाटाची किल्ली दिली. लोखंडी कपाट, एक वही, पुस्तक नेणाऱ्याचं नाव लिहायचं आणि परत आल्यावर सही. बस्स एवढंच काम. पण आमच्या घरी किल्ली असावी असं काही नव्हतंच! ती किल्ली मी करगोट्याला बांधून झोपायचे. एकदा एक पुस्तक हरवलं, मी रडत बाईंकडे गेले. बाईंनी वहीत लाल शाईने "हरवले" लिहिलं, माझी सही घेतली आणि किल्ली परत माझ्याच हातात ठेवली.

आज मी पुण्यात स्टाफ नर्स आहे. औषधाच्या ट्रॉलीची जबाबदारी असते, डोस दिला की चार्टवर लगेच नोंद. चुकून वेगळा डोस गेला किंवा उशिरा गेला तर त्याच क्षणी सिस्टरना आणि डॉक्टरना सांगायचं, कारण पेशंटला वाचवायला मिनिटं असतात. नवीन मुली घाबरून गप्प बसतात, तेव्हा मी त्यांना ओरडायच्या आधी लाल शाईची ती ओळ आठवते.

मास्तर, किल्ली दिली पाहिजे हो पोरांना. 'ड' तुकडीतल्या पोरांना आधी.

वाटसरू:

धागा वाचून दोन दिवस गप्प होतो. लिहू की नको असं झालं होतं.

चुकणाऱ्या पोरांबद्दल सगळे लिहीत आहात. आम्ही काही चुकलेलो नव्हतो. आमच्या शाळेत महिन्यातून एकदा वर्गात येऊन सांगायचे, "फ्रीशिपवाले, शिष्यवृत्तीवाले उभे राहा." आम्ही सात-आठ जण उभे राहायचो. मग एकेकाचं नाव, जात, दाखला आणला का, नसेल तर का नाही. चाळीस-पन्नास पोरं मान वळवून बघायची. त्यातले काही आदल्या दिवशीपर्यंत माझ्या डब्यातलं खाणारे होते.

उभं करणाऱ्या माणसाला कदाचित यात काही वाटतही नसेल, त्याला यादी पूर्ण करायची होती. पण मी तिथे एक शिकलो, की जे हक्काचं आहे ते मागितलं तर चारचौघांत अंगावरचे कपडे काढल्यासारखं होतं. पुढे एमएला असताना एका फेलोशिपचा अर्ज मी भरलाच नाही, कारण तो विभागाच्या खिडकीवर, रांगेत, सगळ्यांसमोर द्यायचा होता. तो अर्ज भरला असता तर मी कदाचित संशोधनात असतो. याला काय म्हणायचं, माझा स्वभाव?

आता मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात ज्यांना कुठलीही शिष्यवृत्ती लागू आहे त्यांचे कागद मी पालकांकडून घेतो, फोनवर किंवा घरी जाऊन. मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे, त्याची माहिती मी सगळ्या वर्गाला देतो, नाव कुणाचंच घेत नाही. काम वाढतं. सहकारी म्हणतात, कशाला एवढं. मी करतो.

सांजवेळ:

@वाटसरू, मी 'अ' तुकडीत बसून मान वळवून बघणाऱ्यांतली होते. आमच्याकडेही असंच उभं करायचे. तुमचं लिहिणं वाचून त्या मुलांची नावं एकेक करून आठवली.

म्हापशेकर:

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे बऱ्याच मुलांची चौथीपर्यंत शाळा मराठीतून किंवा कोकणीतून होते आणि पाचवीपासून हायस्कूल इंग्रजीतून. चौथीत वर्गात सगळ्यात जास्त बोलणारा मी, पाचवीत जून ते दिवाळी एक शब्द बोललो नाही. भूगोलात मला सगळं यायचं, पण ते सांगायची भाषा नव्हती. त्या वर्षात गप्प बसायची सवय लागली ती अजून मीटिंगमध्ये डोकं वर काढते, आणि गंमत म्हणजे इंग्रजी आता मराठीइतकीच सहज येते.

माझी बायको त्याच वाटेने आली. तिच्या बाईंनी पाचवीत "उत्तर मराठीतून सांग, आपण मिळून इंग्रजीत करू" असं धोरण ठेवलं होतं. ती आज कोर्टात उभी राहते. फरक एवढाच नसेल, पण एवढा नक्की आहे.

नवोदयी:

नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये देशात दोन ठिकाणी झाली, हरियाणात झज्जर आणि आपल्याकडे अमरावती. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या नवोदयला लागलो. सहावीला परीक्षा देऊन प्रवेश, राहणं-जेवण तिथेच, बहुतेक मुलं खेड्यातली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवव्या इयत्तेत वर्गातली सुमारे तीस टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात आणि तिकडची मुलं इकडे येतात. त्याला मायग्रेशन म्हणतात. माझं नाव यादीत आलं तेव्हा आई रडली होती. चौदा वर्षांचा मी हिंदी पट्ट्यात गेलो. सकाळी भाकरीऐवजी पुरी-भाजी, थंडी अशी की पहाटे बादलीत हात घालवत नव्हता, आणि सगळे मला "मराठी" याच नावाने हाक मारायचे.

तिथे माझं चुकणं रोजचं होतं. हिंदीत लिंग चुकायचं, "दही खट्टी है" म्हणायचो, मेस हसायची. पण तिकडून आमच्याकडे गेलेली पोरंही तेव्हाच "माझा आई" म्हणत असणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे हसण्यात विष नव्हतं. मास्तर, मला वाटतं हा मुद्दा तुमच्या मांडणीत घ्यायला हवा. सगळ्यांवर चुकायची पाळी येते हे दिसलं की चूक हलकी होते. 'ड' तुकडीत तसं नसतं, तिथे चुकणारे ठरलेले असतात.

आता मी रेल्वेत आहे, बदल्या होत राहतात. नवीन गावी गेलो की पहिल्या आठवड्यात स्थानिक भाषा मोडकीतोडकी बोलायला लागतो. बरोबरचे लोक सहा महिने हॉटेलचं जेवण आणि मराठी मंडळ शोधत बसतात.

श्टुटगार्टकर:

तुकड्यांचं वाचून राहवलं नाही. जर्मनीत हे वर्गापुरतं नाही, अख्ख्या शाळाच वेगळ्या. आमच्या राज्यात चौथीनंतर, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाचं ठरतं की गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार, की मधल्या रेआलशुलेला, की त्याखालच्या शाळेत. माझ्या मुलाच्या वेळी घरात जो ताण होता तो मला माझ्या दहावीलाही आठवत नाही.

तरी एक गोष्ट इथली मला मनापासून पटते. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचं आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षण, इथे कमीपणाचं नाही. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही दिवस व्यवसाय शाळेत, आणि पगार पहिल्या महिन्यापासून. पुढे माइस्टर, म्हणजे त्या कामातला उस्ताद, होता येतं, आणि माइस्टर स्वतःचं वर्कशॉप चालवतो. उशिरा जाग आलेल्यांसाठी संध्याकाळच्या शाळा आहेत, तिथून विद्यापीठापर्यंत जाता येतं. लवकर वाटण्या करतात ते मला आजही चूक वाटतं, पण मधे पूल ठेवलेले आहेत.

मास्तर, आपल्याकडे आयटीआयवाल्या पोराला लग्नाच्या बैठकीत काय विचारतात ते तुम्हाला माहीत आहे.

अंगणातली:

मी जास्त शिकलेली नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

नववीत शाळा सुटली. लग्न झालं. शाळा सोडायच्या दिवशी हेडसर दाखला देताना म्हणाले होते, "हा कागद फाडू नको, हरवू नको, तुला लागणार आहे." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत तळाशी ठेवला.

पुढे मी अंगणवाडीत मदतनीस झाले. मुलगा सातवीत असताना एका ताईंनी सतरा नंबरच्या फॉर्मचं सांगितलं. शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, त्याचा हा फॉर्म. त्याला पहिला कागद लागतो शाळा सोडल्याचा मूळ दाखला. माझ्याकडे होता! माझ्याबरोबरच्या दोघींकडे नव्हता, त्यांना जुन्या शाळेत दुसरी प्रत काढायला किती खेटे घालावे लागले.

गणिताला मुलगा शिकवायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये माझ्या पुढच्या बाकावर माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. पास झाले. बारावी पण केली. आता सेविका आहे.

हेडसरांनी मला शाळेत थांबवलं नाही, तेवढं त्यांच्या हातात नव्हतं. पण परत यायची वाट आहे हे त्यांनी त्या दिवशी सांगून ठेवलं.

उसाची_लेक:

@अंगणातली, ताई तुम्हाला कडकडून मिठी.

रानमोगरा:

सगळं वाचलं. मास्तर, मी एक आई म्हणून विचारते, तुमचा आणि वाटसरू सरांचा सल्ला पाहिजे. माझा मुलगा आठवीत शेवटच्या तुकडीत आहे. मिक्सर, पंखा, सायकल सगळं उघडतो आणि बहुतेक वेळा परत जोडतो. शाळेत मात्र तोंड उघडत नाही. पालकसभेत मला सांगितलं, "दहावी निघाली तरी पुष्कळ." घरी येऊन मी त्याला काही बोलले नाही. यंदा काय करता येईल?

वाटसरू:

ताई, पालकसभेत बोलू नका. वर्गशिक्षकांना वेगळं भेटा आणि एकच गोष्ट मागा: त्याला एक काम द्या. परिपाठाच्या वेळी माइकची जोडणी, प्रयोगशाळेतल्या साहित्याची मांडणी, विज्ञान प्रदर्शनातलं वायरिंग, काहीही. तक्रार घेऊन गेलात तर शिक्षक बचावात जातात, काम मागितलंत तर बहुतेक जण देतात. मी शिक्षक म्हणून सांगतो, आम्हालाही असं पोरगं हवंच असतं, फक्त ते कुठल्या बाकावर बसलंय हे आमच्या लक्षात आलेलं नसतं.

फिटरमास्तर:

वाटसरू सरांनी सांगितलं ते आधी करा. त्यात माझी थोडी भर.

तुमच्या गावात किंवा जवळ टेक्निकल हायस्कूलचं केंद्र आहे का बघा. काही शाळांतल्या मुलांना टेक्निकल विषय घेता येतो, वर्कशॉपला जायला मिळतं, आणि पुढे पॉलिटेक्निकच्या प्रवेशात अशा मुलांसाठी वेगळ्या जागा असतात. प्रवेश आठवी-नववीच्या सुरुवातीलाच होतो, म्हणून उशीर करू नका. चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट द्यायला लावा. इंटरमिजिएटचे दहावीला वाढीव गुण मिळतात, पण माझ्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग वेगळा: भूमितीची रचना आणि ठोकळे काढलेल्या पोराला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधला वरचा, समोरचा, बाजूचा देखावा पटकन कळतो. बाकीच्यांना तिथे महिने लागतात.

गणितात दशांश आणि अपूर्णांक पक्के करून घ्या. वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये, म्हणजे आयटीआयच्या गणितात, नापास होणारी पोरं तिथेच अडकतात. घरात व्हर्नियर आणून द्या, साधा स्टीलचा. कागदाची जाडी, आईची बांगडी, सायकलची बॉल-बेअरिंग, जे दिसेल ते मोजू दे आणि वहीत लिहू दे. वाचन चुकलं तर तुम्ही सांगू नका, परत मोज म्हणा.

आणि पंखा उघडण्याआधी प्लग काढलाय ना, हे त्याच्याकडून दरवेळी मोठ्याने म्हणवून घ्या. जुनी मॅट्रिक साहेब यावर जास्त सांगू शकतील.

जुनी_मॅट्रिक:

सांगतो. प्लग काढल्यावरही पंख्याच्या आणि मिक्सरच्या आत कपॅसिटर असू शकतो, त्यात थोडा वेळ चार्ज राहतो. उघडल्या उघडल्या हात घालू नये. टेस्टर आणि रबरी चपला हव्यातच, आणि पहिले काही महिने शेजारी मोठं माणूस हवं. ताई, तुम्ही कुठल्या जिल्ह्यात आहात? माझे काही जुने सहकारी निवृत्तीनंतर शाळांमध्ये जाऊन मुलांना घरगुती वायरिंग शिकवतात. तुमच्या भागात कुणी असेल तर विचारून सांगतो.